रात्रीचे रक्त आणि दिवसाचा दवाखाना

बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या वाट्याला जी काचपट्टी आली ती वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय या कृमीच्या पिलांची होती. ओळखा, वर्गीकरण लिहा, दोन वैशिष्ट्ये लिहा. मी लिहिले : अंगावर खोळ असते, शेपटीच्या टोकाला केंद्रके नसतात. पूर्ण गुण मिळाले. त्या दिवशी घरी आलो तेव्हा आजी ओसरीवर उजवा पाय विटेवर टेकवून बसली होती. त्या पायाचा घोटा मी जन्मात पाहिला नव्हता. गुडघ्याखाली पाय खांबासारखा सरळ उतरत होता, कातडी जुन्या झाडाच्या सालीसारखी, आणि बोटांच्या बेचक्यांतून कायम काहीतरी झिरपत असे. काचेवरचा कृमी आणि आजीचा पाय ही एकच गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी सुचले नाही. पाठ्यपुस्तकात चित्र होते, चित्राखाली 'हत्तीपाय' असे छापलेले होते, तरी सुचले नाही. सुचायला आणखी चार वर्षे जावी लागली. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून ज्याचे कौतुक झाले त्याच्या शिक्षणाची ही कथा आहे.

आज मी तोच विषय शिकवतो. समोर बसणारी निम्मी मुले अशाच नाल्याकाठच्या वस्त्यांतून येतात. तीही खोळ आणि केंद्रके पाठ करतात. म्हणून हा लेख.

हत्तीरोग हा पूर्व विदर्भाचा जुना सोबती. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. भारतातील बहुतेक हत्तीरोग वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय या एकाच जातीच्या कृमीमुळे होतो. केसासारखा बारीक, दोऱ्यासारखा लांब. मादी आठ ते दहा सेंटिमीटर, नर तिच्या निम्म्याहून कमी. माणसाच्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे रक्ताखेरीज शरीरात जे दुसरे पाणी फिरते त्याच्या नळ्यांत, ही जोडपी पाच ते आठ वर्षे संसार करतात. मादी लाखोंनी पिले सोडते. ती रक्तात उतरतात. डास रक्त पितो तेव्हा पिले त्याच्या पोटात जातात, दहा ते चौदा दिवसांत वाढतात, आणि डास पुढच्या माणसाला चावताना त्याच्या सोंडेतून बाहेर येतात.

येथे एक गोष्ट अशी आहे की जी पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि विद्यार्थी ओलांडून जातात. हिवतापाचा डास चावला तर जंतू सरळ रक्तात टोचले जातात. एक चावासुद्धा पुरतो. हत्तीरोगाचे तसे नाही. कृमीची अळी डासाच्या सोंडेतून कातडीवर पडते आणि डासाने केलेल्या छिद्रातून तिला स्वतः आत शिरावे लागते. बहुतेक अळ्या कातडीवरच सुकून मरतात. शिवाय डासाच्या पोटात हा कृमी वाढतो, पण संख्येने वाढत नाही. जितकी पिले गेली त्याहून कमीच बाहेर येतात. आत शिरलेल्या अळीला प्रौढ व्हायला महिने लागतात आणि तिला जोडीदारही त्याच शरीरात भेटावा लागतो. याचा हिशेब असा की अंगात हा रोग रुजायला शेकडो, हजारो चावे लागतात, आणि तेही वर्षानुवर्षे.

म्हणजे हा रोग पाहुण्याला होत नाही, रहिवाशाला होतो. चार दिवस वस्तीत येऊन सर्वेक्षण करून जाणाऱ्या अधिकाऱ्याला तो होत नाही. निवडणुकीत रात्री येणाऱ्या पुढाऱ्याला होत नाही. जो माणूस त्याच खोलीत, त्याच गटाराच्या वासात, पंख्याविना, मच्छरदाणीविना दहा-वीस वर्षे निजला त्याला तो होतो. कोण कुठे राहणार हे ज्या देशात जन्मानेच ठरवून टाकले होते, त्या देशात हा रोग कोणाच्या वाट्याला जास्त येईल हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. तरी एक स्पष्ट केले पाहिजे. हा दलितांचा रोग नव्हे. नाल्याकाठी आमच्याबरोबर कोष्टी आहेत, मुसलमान आहेत, खेड्यातून आलेले तेली-कुणबी आहेत. त्यांचेही पाय सुजलेले मी पाहिले आहेत. डास जात विचारत नाही. जात पत्ता ठरवते, आणि डास पत्त्यावर येतो.

तो डासही नीट ओळखला पाहिजे. क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस हे त्याचे नाव. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. याला घाण पाणी लागते. तुंबलेली गटारे, मोरीचे डबके, उघडे शोषखड्डे, संडासाच्या टाक्या. नाग नदी आणि पिली नदी या नागपूरच्या दोन नद्या. शहराच्या नावाशीच नाग नदी जोडलेली आहे, आणि त्याच नदीत शहराने आपले सांडपाणी सोडले. त्या पाण्याच्या काठी गिरणीतल्या आणि बांधकामावरच्या मजुरांच्या वस्त्या उभ्या राहिल्या, कारण दुसरीकडे जागा मिळत नव्हती. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी २००२ साली कायमची बंद झाली. गिरणी गेली, पगार गेला. नाला जागेवर राहिला.

आता निदानाकडे येतो, कारण माझ्या मते या रोगाचे सारे राजकारण निदानात आहे.

१८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुईस या डॉक्टराला माणसाच्या रक्तात ही पिले दिसली. पाच वर्षांनी, १८७७ साली, चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टराने डासाच्या पोटात त्यांची वाढ पाहिली. रोग पसरवण्यात कीटकाचा हात असतो हे दाखवणारा हा पहिला मोठा पुरावा, आणि उष्णकटिबंधीय वैद्यकाचा जनक म्हणून मॅन्सनचे नाव झाले. त्याने हा प्रयोग कोणावर केला? आपल्याच माळ्यावर. हिन लो हे त्याचे नाव. त्याच्या रक्तात पिले होती. त्याला रात्री डास सोडलेल्या खोलीत निजवले आणि सकाळी रक्त पिऊन फुगलेले डास गोळा केले. हिन लोचे पुढे काय झाले, ते मी वाचलेल्या पुस्तकांत नाही. (डास चावल्याने रोग होतो हे मात्र मॅन्सनलाही कळले नव्हते. डास पाण्यात मरतात आणि माणूस ते पाणी पितो असे त्याला वाटे. चाव्याचा मार्ग १९०० साली उलगडला.)

मॅन्सनला आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. दिवसा काढलेल्या रक्तात पिले जवळजवळ नसत. रात्री तेच रक्त त्यांनी भरलेले असे. दिवसभर ती फुप्फुसांच्या बारीक नळ्यांत दडून राहतात आणि रात्री, हा डास चावतो त्या वेळेला, हातापायांच्या रक्तात येतात. दहा ते दोन ही त्यांची खरी गर्दीची वेळ. कृमीने डासाचे वेळापत्रक पाठ केलेले आहे.

आपल्या आरोग्यव्यवस्थेने मात्र कृमीचे वेळापत्रक पाठ केलेले नाही. बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो, दुपारी बंद होतो. त्या वेळात मजूर कामावर असतो. समजा रोजी बुडवून तो गेला आणि बोटातून रक्त दिले, तरी काचेवर काही दिसणार नाही. कागदावर 'निगेटिव्ह' असे लिहून मिळेल. आजीच्या शेजारच्या मावशींच्या मुलाचे असेच झाले. सोळा-सतराव्या वर्षी त्याला वरचेवर थंडी-ताप यायचा, जांघेत अवधाण यायचे, मांडीवरून लाल रेघ उतरायची. एका डॉक्टरने दिवसा रक्त तपासून काही नाही म्हणून सांगितले. दुसऱ्याने हिवतापाच्या गोळ्या दिल्या. पाय सुजायला लागला तेव्हा मावशी म्हणाल्या, "कागदावर तर काईच नाही लिवलं, मंग पाय काहून फुगते?" त्यांचा प्रश्न वैद्यकशास्त्राला होता. उत्तर एका शब्दाचे होते : रात्र.

रात्रीच्या तपासणीची रीत साधी आहे. साडेआठ ते बाराच्या दरम्यान बोटाला सुई टोचायची, वीस घन मिलिमीटर म्हणजे एका थेंबाहून कमी रक्त काचपट्टीवर घेऊन जाडसर पसरायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पाण्याने त्यातला लाल रंग धुऊन काढायचा, रंगद्रव्य लावायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. खर्च जवळपास काही नाही. लागतो तो माणूस, जो रात्री दहाला वस्तीत येईल, दार वाजवेल आणि ज्याला दार उघडले जाईल. शासनाची हत्तीरोग नियंत्रण पथके आणि रात्र चिकित्सालये याच कामासाठी निघाली. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ सालचा आहे; पण त्याचा भर शहरांवर राहिला आणि खेडी दीर्घकाळ त्याच्या बाहेर राहिली.

रात्रीची ही अडचण विज्ञानाने पुष्कळशी सोडवली आहे. प्रौढ कृमी रक्तात आपल्या शरीरातले काही पदार्थ सोडतो. त्यांना प्रतिजन म्हणतात. ते दिवसाही सापडतात. हा प्रतिजन ओळखणारी पट्टी आता मिळते. बोटातले थोडे रक्त तिच्यावर टाकले की दहा मिनिटांत रेघ उमटते. या दिशेने जगभर जे काम झाले त्यात आपल्या शेजारच्या सेवाग्रामचा वाटा आहे. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या प्रतिजनांवर आणि त्यांवर आधारलेल्या रक्तचाचण्यांवर अनेक वर्षे संशोधन केले. नागपूरच्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांना मॅन्सन माहीत असतो. पाऊणशे किलोमीटरवरचे हे काम माहीत नसते. तरीही रात्रीचे रक्त संपलेले नाही. पट्टी सांगते की शरीरात प्रौढ कृमी आहे. हा माणूस आज डासाला पिले देतो आहे की नाही, हे अजून रात्रीची काचच सांगते.

आणि दोन्ही चाचण्यांची एक मर्यादा आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवली पाहिजे. ज्यांच्या रक्तात पिले सापडतात त्यांतील बहुतेकांना कसलाही त्रास नसतो. पाय बारीक, काम जोरात, आणि रक्त मात्र कृमींनी भरलेले. उलट ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे त्याच्या रक्तात पुष्कळदा काहीच सापडत नाही, कारण कृमी केव्हाच मेले. फाटलेल्या नळ्या मागे राहिल्या. म्हणजे ज्याला रोग दिसतो तो आता रोग पसरवत नाही, आणि जो पसरवतो त्याला रोग दिसत नाही. आजीच्या हातचे पाणी न पिणारे शेजारी मी पाहिले आहेत. आपल्याच वस्तीतले, पंचशील म्हणणारे. आजी १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर होती. तिने एक अस्पृश्यता तिथे टाकली आणि पायाने तिला दुसरी आणून दिली. तिच्या पायापासून कोणाला काही होणार नव्हते. होणार होते ते कदाचित पाणी नाकारणाऱ्या त्या धडधाकट शेजाऱ्याच्या रक्तापासून.

याच गोष्टीमुळे औषधाची मोहीम विचित्र वाटते आणि याच गोष्टीमुळे ती आवश्यक आहे. डायइथिलकार्बामॅझीन, ज्याला सगळे डीईसी म्हणतात, हे औषध १९४७ सालापासून ज्ञात आहे. ज्याच्या रक्तात पिले सापडली त्याला ते वजनाच्या प्रमाणात, दर किलोला सहा मिलिग्रॅम, बारा दिवस देतात. पन्नास किलोच्या माणसाला रोज शंभराच्या तीन गोळ्या. पण सापडलेल्यांनाच औषध देऊन रोग हटत नाही, कारण न सापडलेले जास्त असतात. म्हणून २००४पासून आपल्या देशात रोगग्रस्त जिल्ह्यांतील सर्वांना, रोग असो वा नसो, वर्षातून एकदा डीईसीचा एक डोस देण्याची मोहीम सुरू झाली. पुढे तिला अल्बेंडाझोल जोडले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांचा एकत्रित डोस सुचवला, आणि भारतात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत तो दिला गेला त्यांत नागपूर होते, जानेवारी २०१९मध्ये. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत या तीन औषधांच्या एकाच डोसाने बहुतेक सर्व रुग्णांच्या रक्तातली पिले तीन वर्षांपर्यंत नाहीशी राहिली होती. आफ्रिकेत मात्र सगळीकडे हे चालत नाही. तिथे नदीकाठी आंधळेपणा आणणारा दुसरा एक कृमी आहे, आणि तो अंगात असताना डीईसी दिले तर डोळ्यांना इजा होऊ शकते. आपल्याकडे तो कृमी नाही.

तरी आपल्या वस्तीत गोळ्या का खाल्ल्या जात नाहीत? दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना घेऊन मी आशाताईंबरोबर दारोदार फिरलो. एका गृहस्थाने मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग म्हणाला, "सर, आमाले काई झालं नाही, मंग गोया काहून खाव? आन् ज्या दिवशी काई होते त्या दिवशी तं कोणी इकडे फिरकत नाही." मी शास्त्र सांगितले, त्याने मान हलवली, गोळ्या घेतल्या आणि देवळीत ठेवल्या. त्या देवळीत आधीच्या वर्षाच्याही होत्या.

मी त्याला अडाणी म्हणायला तयार नाही. नळ मागितला तर वर्षे लागतात, गटारावर फरशी मागितली तर अर्ज हरवतो. आणि न मागितलेली गोळी मात्र सरकार दारात येऊन, फुकट, तोंडात घालू पाहते. हा माणूस संशय घेतो तो अज्ञानामुळे नव्हे, अनुभवामुळे. पण त्याचा अनुभव खरा असला तरी त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे, हेही आपणच सांगितले पाहिजे. आपल्या माणसांचा राग समजून घेता घेता त्यांच्या रक्तातले कृमी आपण जपू लागलो तर ती त्यांच्याशी बेइमानी होईल.

दुसरी भीती त्रासाची. गोळ्या खाल्ल्यावर काहींना ताप येतो, डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. अफवा पसरायला एवढे पुरते. पण हा त्रास बहुधा औषधाचा नसतो. रक्तातली पिले एकदम मरतात त्याचा असतो. ज्याच्या अंगात कृमी जास्त त्याला त्रास जास्त, ज्याच्या अंगात नाहीत त्याला बहुधा काहीच नाही. ताप आला तर तो औषध नेमके हवे तिथे पोचल्याची खूण आहे, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. ही एक गोष्ट आधी सांगितली तर अर्धी भांडणे मिटतात. आम्ही फिरलो त्या वर्षी ती आधी सांगितली नव्हती. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि फार आजारी माणसे यांना त्या देत नाहीत. आयव्हरमेक्टिन पाच वर्षांखालील मुलांना देत नाहीत आणि बाकीच्यांना ते उंची मोजून देतात. गोळ्या समोर गिळायला लावतात याचा अपमान वाटून घेऊ नये. देवळी पाहिलेल्या माणसाला त्याचे कारण कळेल.

अल्बेंडाझोलविषयी थोडे विषयांतर करतो. ही गोळी पोटातले जंतही पाडते. शाळांतून जंतनाशक दिनाला जी गोळी देतात ती हीच, २०१५पासून. त्या जंतांत एक अंकुशकृमी आहे. त्याची अळी ओल्या मातीत, माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या जागी, वाट पाहत असते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. त्याच्या मोठ्या जातीचा एक कृमी दिवसाला साधारण पाव मिलिलिटरच्या आसपास रक्त घालवतो. असे शंभर असले तर आठवड्याला एक कपभर रक्त गेले. गावातून पायात वहाण घालून जायचे नाही, असा नियम आपल्या आज्या-पणज्यांवर होता. तो मानाचा नियम म्हणून आपण वाचतो आणि त्याविरुद्ध लिहितो. पण तो रक्ताचाही नियम होता. ज्या स्त्रिया अनवाणी शेतात उतरल्या, पांढऱ्या पडल्या, माती खाऊ लागल्या आणि बाळंतपणात गेल्या, त्यांच्यापैकी कितीजणींच्या पोटात हा अंकुश होता हे आता कोणी मोजू शकत नाही.

मूळ विषयाकडे येतो. गोळ्या पुढच्या पिढीला वाचवतात. सुजलेला पाय त्यांनी बारीक होत नाही. त्या पायाचे काय करायचे हे मोहिमेच्या गडबडीत मागे पडते, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच आहे. कारण त्याला उपाय आहे आणि तो अगदी स्वस्त आहे. सुजलेल्या पायाला जो ताप-थंडीचा झटका येतो, ज्यात पाय लाल होतो, तापतो आणि झटक्यागणिक आणखी जाड होतो, तो बहुतेक वेळा कृमीमुळे येत नाही. बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांतून साधे जिवाणू आत शिरतात आणि बंद पडलेल्या नळ्यांमुळे शरीर त्यांना हटवू शकत नाही, त्यामुळे येतो. आजीला तो अमावस्या-पौर्णिमेला येतो असे वाटे. आम्ही सगळे कॅलेंडर पाहत होतो, बेचके कोणी पाहिले नाही.

पाय रोज साध्या साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवायचा, वरपासून खाली, प्रत्येक बेचके उघडून. मऊ फडक्याने टिपून कोरडा करायचा, घासायचा नाही. चिरेत बुरशीचे किंवा जखमेचे मलम लावायचे. बसताना-निजताना पाय उंचावर ठेवायचा, घोटा वर-खाली फिरवायचा, सैल चप्पल घालायची. झटका आला तर थंड पाण्याच्या पट्ट्या, विश्रांती आणि डॉक्टरकडून प्रतिजैविक. एवढे नियमाने केले तर झटके कमी होतात, वास जातो, पाय वाढायचा थांबतो. लवकर सुरू केले तर सूज उतरतेही. पाण्याने पाय धुणे हेच औषध. आमच्या घरी पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे चार वाजता सार्वजनिक नळावर येत असे. आजी म्हणायची, "प्यायला पुरत नाही, पायाले कुठून आणू?" निदान, उपचार, संशोधन सगळे शेवटी त्या बादलीपाशी येऊन थांबते.

पुरुषांच्या अंडवृद्धीचेही मागे पडते. जगात हत्तीरोगाने पाय सुजलेले सुमारे दीड कोटी लोक आहेत, तर अंडवृद्धी झालेले पुरुष सुमारे अडीच कोटी. म्हणजे पायापेक्षा ही विकृती जास्त; पण पाय दिसतो आणि ही लुंगीआड राहते. लग्ने मोडतात, माणसे सायकल चालवणे सोडतात, कामावरून कमी होतात, आणि डॉक्टरपुढे तोंड उघडत नाहीत. ही शस्त्रक्रिया सोपी आहे, सरकारी रुग्णालयात होते आणि माणूस पूर्ववत कामाला लागतो. कार्यकर्त्याने वस्तीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला एकांतात विचारले, तर कोणाकोणाला गरज आहे ते एका संध्याकाळी कळते.

एक रूप तर हत्तीरोगाचे म्हणून ओळखूही येत नाही. काहींना रात्री खोकल्याची उबळ येते, धाप लागते, वजन उतरते. दमा समजून, क्षय समजून वर्षानुवर्षे औषधे चालतात. फुप्फुसात अडकलेल्या पिलांविरुद्ध शरीराने पुकारलेले हे बंड असते. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी प्रचंड वाढलेल्या असतात. साध्या रक्ततपासणीत ते दिसते आणि सुमारे तीन आठवड्यांच्या डीईसीने आराम पडतो. थुंकीत क्षय सापडत नाही आणि खोकला रात्रीच येतो, असा कोणी आढळला तर डॉक्टरला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

रोग हटवण्याच्या तारखा सरकारने पुष्कळ दिल्या. २००२च्या आरोग्य धोरणात २०१५ सांगितले होते, २०१७च्या धोरणात २०१७ आले. आता २०२७ आहे. हे होणारच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. चीनने मिठात डीईसी घालून लोकांना खाऊ घातले आणि तेथून हा रोग गेल्याचे २००७ साली मान्य झाले. श्रीलंकेतून २०१६ साली गेला. आपल्याहून श्रीमंत नसलेल्या बांगलादेशातून २०२३ साली गेला. तेव्हा गरिबी हे कारण पुरत नाही.

आणि आपलेही काही आहे. नोकरी लागल्यावर मी वस्ती सोडली, सोसायटीत राहायला गेलो. सुटलो असे वाटले. पहिल्याच पावसाळ्यात संध्याकाळी खिडकीवर डासांचा थर बसू लागला, तेव्हा जिना चढून गच्चीवर गेलो. संडासाच्या टाकीचा वायूचा नळ उघडा होता आणि त्यातून क्युलेक्स धुरासारखे बाहेर पडत होते. चाळीस घरे, सगळी शिकलेली, त्यांत दोन डॉक्टर. नळाच्या तोंडाला बांधायची बारीक जाळी बाजारात थोडक्या पैशांत मिळते. मी सभेत विषय काढला तर पुढच्या महिन्यावर गेला. शेवटी मीच जाळी आणून तारेने बांधली. मागच्या उन्हाळ्यात ती जाळी घेऊन वस्तीत गेलो. तिथे आता बऱ्याच घरांना संडास झाले आहेत, टाक्या झाल्या आहेत, आणि एकाही नळाला जाळी नव्हती. मुलांनी दोन रविवारांत एकोणतीस नळ बांधले. देवळीवाल्या गृहस्थाने शिडी धरली. खाली उतरल्यावर त्याने विचारले, यंदा गोळ्या कोणत्या महिन्यात येणार आहेत.